आवाजातला रांजण

पहिलं बटण हळूहळू उजवीकडे नेलं, की बाई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत जायच्या. मला तेव्हा असंच वाटायचं, आणि आता इतक्या वर्षांनी डोळे मिटले की अजून तसंच दिसतं. खरं तर बाई कुठेच जात नव्हत्या. त्या टेपवर होत्या, एका जागी मांडी घालून बसलेल्या, एकच ओळ गाणाऱ्या. पण बटण फिरायला लागलं की आधी त्यांचा आवाज जमिनीखालून यायचा. मग त्या रांजणात तोंड घालून गाताहेत असं वाटायचं. पुढे नाकात, त्यापुढे पत्र्याच्या डब्यात, मग दातांच्या कडेवर, आणि अगदी शेवटी बाई उरायच्याच नाहीत. नुसती झुळूक, सुक्या पानांवरून गेलेली. मी बटण उलटं फिरवायचो. झुळकेतून परत बाई तयार व्हायच्या आणि एकेक खोली मागे टाकत जमिनीत उतरायच्या.

"ओ मराठे, सो गया?" सरदारजी मागून विचारायचे.

"नहीं जी, सुन रहा हूँ."

"आँखें बंद करके?"

"आँखों से क्या सुनना है, पापाजी."

ते हसायचे. ते हसले की माझ्या पोटातली गाठ जराशी सैल व्हायची. ही गाठ मी गावाहून येताना बरोबर आणली होती, आणि चंदीगडच्या त्या रुंद, रिकाम्या, दोन्ही बाजूंनी झाडं लावलेल्या रस्त्यांवर ती सुटण्याऐवजी आणखी घट्ट झाली होती. आमच्या पाटणच्या वरच्या अंगाला रस्ता म्हणजे वळण. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, म्हणून भीतीही वाटत नाही. इथे सगळं सरळ, लांबपर्यंत दिसणारं. एवढ्या लांब बघायची मला सवय नव्हती.

आठवीत माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच मागे राहिलो, ती पुढे गेली. आई वारल्यावर आक्काने मला आपल्याकडे, चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत आणलं. दाजी तिथे सिग्नल्समध्ये हवालदार होते, वायरलेसचे सेट खोलायचे आणि परत बसवायचे. मी त्यांच्या क्वार्टरमध्ये पाणी भरायचो, भाचीला शाळेत सोडायचो, आणि कोणी "कितना पढ़े हो?" विचारेल म्हणून बाजारात लोकांची नजर चुकवायचो. वय बाविशीच्या घरात. त्या वयात माणसाने कुणाच्या तरी घरी नुसतं जेवावं, हे आक्का कधी बोलली नाही, म्हणूनच मला ते जास्त ऐकू यायचं.

सरदारजी दाजींच्याच खात्यातून निवृत्त झालेले. आपल्या कोठीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी स्टुडिओ काढला होता. एक खोली गाणाऱ्यांची, भिंतींना जुन्या रजया ठोकलेली. मधल्या काचेच्या अलीकडे आमची, टेपमशिनांची. लग्नाची गाणी, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, ट्रॅक्टरच्या जाहिराती असं काय काय तिथे रेकॉर्ड व्हायचं. त्यांच्या धाकट्या भावाने इंग्लंडहून त्यांना एक लोखंडी पेटी पाठवली: पॅरामेट्रिक इक्वलायझर. बोटीतून येताना तिची अर्धी बटणं निखळली होती. ती बसवायला दाजींना बोलावलं आणि दाजींच्या मागे हत्यारांची पिशवी धरून मी गेलो.

पेटी दुरुस्त झाली, तेव्हा सरदारजींनी एक टेप लावली आणि एक बटण फिरवलं. गाणारा माणूस झपकन खाली उतरला, तळघरात गेल्यासारखा. मी मोठ्याने हसलो. दाजींनी डोळे वटारले. सरदारजींनी मात्र पेटी माझ्यापुढे केली. "अब तू घुमा. बता, कहाँ गया?"

मी फिरवलं आणि सांगत गेलो. इथे विहिरीत. इथे नाकात. इथे त्याला दात फुटले.

"छोड़ जाओ इसे मेरे पास," ते दाजींना म्हणाले.

"साहब, आठवीं फेल है," दाजी म्हणाले. प्रामाणिक माणूस.

"तो मैंने कौन सा कालेज खोला है!"

त्या वाक्याचा मी अजून मिंधा आहे.

त्या पेटीवर चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत तीन बटणं. सरदारजींनी ती मला अशी शिकवली: "पहला बताता है, कहाँ. दूसरा, कितना. तीसरा, कितनी दूर तक." म्हणजे आवाजातल्या कोणत्या जागी हात घालायचा, तिथलं किती वाढवायचं किंवा कमी करायचं, आणि आजूबाजूचं किती बरोबर न्यायचं. तिसरं बटण मला लगेच कळलं. ते भांगलणीचं होतं. एका टोकाला नेलं की खुरप्याच्या टोकाने एकच तण उपटल्यासारखं, शेजारचं रोप हलतसुद्धा नाही. दुसऱ्या टोकाला नेलं की सगळ्या वाफ्यावर फळी फिरवल्यासारखं.

आणि शोधायची त्यांची रीत उलटी होती. जे नको आहे ते आधी वाढवायचं. भरपूर वाढवायचं आणि पहिलं बटण सावकाश फिरवत राहायचं. जिथे आवाज किंचाळेल, घुमेल, कानात टोचेल, तिथे थांबायचं, आणि मग दुसरं बटण उलटं फिरवून तेवढंच कापायचं. "चोर को पहले उजाले में ला," ते म्हणायचे, "फिर पकड़." दर गाण्यानंतर उठून गच्चीवर जायचं, सफेद्याच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडांकडे तोंड करून काहीही न ऐकता उभं राहायचं. याला ते कान धुणं म्हणायचे. मी गच्चीवर उभा राहायचो आणि लांबचे शिवालिकचे डोंगर उन्हात वितळताना बघायचो. खालून, खूप खालून, कुणाची तरी सायकलची घंटी यायची. ती कुठल्या आकड्यावर सापडेल, ते माझं बोट आपोआप शोधायला लागायचं.

पेटीवरचे आकडे मला वाचता येत. पण आकड्यांशी माझं कधी जमलं नाही, म्हणून मी त्या जागांना नावं दिली: अडीचशे म्हणजे रांजण, आठशे म्हणजे नाक, तीन हजार म्हणजे दात. बटण कुठे ठेवलं होतं ते लक्षात राहावं म्हणून आक्काच्या टिकल्या आणून पेटीवर चिकटवायचो. सरदारजींनी त्या बघितल्या आणि डोक्याला हात लावला. "ओये, मशीन की शादी करा दी तूने!"

त्या जूनमध्ये दोन गोष्टी एकदमच आल्या. दाजींची जबलपूरला बदली झाली. आणि बाई आल्या.

बाई म्हणजे बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलमधल्या एका मराठी डॉक्टरांची बायको. आपली पोरं आपसांत हिंदीत भांडतात, हिंदीतच स्वप्नं बघतात, हे त्यांना खुपायचं. म्हणून त्यांनी जात्यावरच्या ओव्या आणि पाळणे रेकॉर्ड करून इथल्या मराठी घरांना कॅसेट वाटायचं ठरवलं. दोन सकाळींत गाऊनसुद्धा झालं. बाई, हार्मोनियम, तबला, तंबोरा, चौघं एकाच टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकांवर. आता ते चार आवाज नीट मिसळायचे, एकमेकांच्या पायांत न येता.

सरदारजी म्हणाले, "ज़बान तेरी है. मुझे क्या पता वो बच्चे को सुला रही है कि डाँट रही है. तू अकेला कर." मग पगडीवरून हात फिरवून म्हणाले, "बाई को पसंद आया तो छत वाला कमरा तेरा, और काम पक्का. नहीं तो पुत्तर, जबलपुर भी अच्छा शहर है."

गोष्ट एवढीच होती. एकीकडे गच्चीवरची खोली आणि ही पेटी. दुसरीकडे परत आक्काच्या स्वयंपाकघरातला कोपरा, नवं गाव, नवी गाठ.

चार-पाच दुपारी मी त्या टेपेत बुडून होतो. बाहेर लू, तो भाजून काढणारा वारा, चालायची. खिडकीत कूलर घुरघुरायचा, खसचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, ओला वास खोलीभर पसरायचा, आणि त्या थंड, हिरव्या, पाण्याखालच्यासारख्या अंधारात बाई ओव्या म्हणायच्या. कित्येक वर्षांनी कोणी माझ्याशी इतका वेळ मराठीत बोलत होतं. आक्का बोलायची, पण ती कामाचं बोलायची. बाईंच्या आवाजात एक ऊब होती, खाली, रांजणाच्या जागी. ती मला पुरेशी ऐकू येत नव्हती. मी ती वाढवली. थोडी आणखी. तंबोऱ्याचीही वाढवली. एका पाळण्यात त्या हाताने ठेका धरत होत्या, तेव्हा बांगड्या किणकिणत होत्या. त्या मी वरच्या एका जागी पकडल्या, तिसरं बटण खुरप्यासारखं अरुंद केलं आणि उपटून टाकल्या. शेजारच्या शब्दाला धक्काही लागला नाही. सरदारजींनी येऊन ऐकलं, मान डोलावली. "सर्जन है तू तो."

त्याची एक कॅसेट भरून मी घरी नेली. आक्का पोळ्या लाटत होती, दाजी ट्रंकेला रंगाने नाव घालत होते. मी टेप लावली.

भाची कान देऊन ऐकत बसली. मग म्हणाली, "मामा, ये आंटी मटके में बैठ के गा रही हैं क्या?"

"गप गं, नीट ऐक," आक्का म्हणाली. पण तिचंही लाटणं थांबलं. "का रे, शब्द लागत नाहीत. जड वाटतंय. सर्दी झालीय का त्यांना?"

"तुमचा टेपच फालतू आहे," मी म्हणालो.

दाजींनी ब्रश खाली ठेवला. "पाव्हणं, या टेपला स्पीकर केवढा? बशीएवढा. ह्याच्यातनं खालचा आवाज मुळात निघतच नाही. तरी घुमतोय. म्हणजे मोठ्यावर काय होईल?"

बरोबर होतं ते. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकायला येणार होत्या. मला जेवण गेलं नाही.

सकाळी पहिल्या बसने गेलो, तर स्टुडिओत खसवाला आलेला. कूलरच्या तिन्ही बाजू उघड्या पडलेल्या, जुनी वाळकी खस जमिनीवर, नवी तो दाबून भरत होता. कूलर बंद. मी टेप चढवली आणि लावली.

तीच टेप. तेच मशीन. आणि बाई रांजणात. ओवीतला प्रत्येक शब्द कडेपर्यंत भरलेल्या पाण्यात बुडून वर येत होता. मी पेटीकडे बघितलं. टिकल्या जागच्या जागी होत्या. मग खोलीत इतकं शांत का वाटतंय, ते माझ्या ध्यानात आलं.

कूलर.

रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवायचा, हे आमच्याकडे खसवाल्यालाही माहीत होतं. पण मिसळताना माइक कुठे असतो? म्हणून कूलर चालू. आधीच्या उन्हाळ्यांत काही बिघडलं नव्हतं, कारण तेव्हा हात घालायला ही पेटीच नव्हती. हा तिचा आमच्याकडचा पहिला जून. कूलर दिवसभर रांजणाच्या जागी घुरघुरत होता आणि बाईंची सगळी ऊब झाकून बसला होता. मला ती ऐकू येईना, म्हणून मी वाढवत गेलो. मी बाईंना कूलरशी भांडायला लावलं होतं. आता कूलर निघून गेला होता आणि बाई एकट्याच ओरडत उभ्या होत्या.

सरदारजी आले. मी टेप लावली. ते दारातच थांबले. ओवी संपेपर्यंत उभे राहिले. मग खसवाल्याकडे वळून म्हणाले, "तू घर जा भाई. शाम को आना."

"जी, बस थोड़ा सा बाक़ी है..."

"शाम को. आज ये नहीं चलेगा." आणि मला म्हणाले, "बैठ. बाई के आने तक वक़्त है. और मैं भी तो सुन के सिर हिला रहा था, उल्लू का पट्ठा मैं भी हूँ."

खिडकी लावली, दार लावलं. खोली तंदूर झाली. सरदारजींनी सदरा काढला, बनियनवर बसले, पगडी मात्र तशीच. पगडीखालून घामाचे ओहोळ दाढीत शिरत होते. ते ओला टॉवेल पिळून माझ्या मानेवर टाकायचे, कोरडा झाला की परत पिळायचे. मी सगळ्या टिकल्या काढल्या. सगळी बटणं मधोमध आणली. काही न वाढवता, काही न कापता बाईंना ऐकलं.

त्या शांततेत मला जे ऐकू आलं ते मी कसं सांगू? ऊब होतीच. आधीपासून होती. श्वासाच्या मागे, शब्द सुरू व्हायच्या जरा आधी, सकाळी चूल पेटायच्या आधी राखेत असते तेवढी. मी रांजणाच्या जागी वाढवायचं सोडून थोडं कमी केलं, रुंद, फळी फिरवल्यासारखं, आणि बाई पाण्यातून बाहेर आल्या. हार्मोनियमचं नाक जरा दाबलं, तर बाईंच्या आवाजाला पुढे जागा झाली. पाळण्यातल्या बांगड्या परत खुरप्याने उपटल्या. घाम डोळ्यांत जात होता, म्हणून डोळे मिटले. आणि मिटल्यावर त्या खोलीत भिंती राहिल्या नाहीत. कोणाचं तरी घर होतं, पहाट होती, जातं फिरत होतं, पीठ पडत होतं. मी गावात होतो की चंदीगडला, की दोन्हींच्या मधे कुठे, ते मला कळेना आणि कळावं असंही वाटेना. सरदारजी अधूनमधून म्हणायचे, "चल, कान धो," आणि आम्ही दोघं गच्चीवर जायचो. बाहेरची लूसुद्धा गार लागायची.

बाई आल्या तेव्हा टेप नुकतीच संपली होती. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि परत मागे घेतलं.

"अगंबाई! हे काय, भट्टी लावलीय का तुम्ही?"

"सिस्टर जी, आपके लिए तप कर रहे हैं," सरदारजी घाईघाईने सदरा अंगात घालत म्हणाले.

बाई पदराने वारा घेत बसल्या. मी टेप लावली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून पेटीच्या एका स्क्रूकडे बघत राहिलो. ओव्या झाल्या. पहिला पाळणा झाला. दुसरा पाळणा अर्ध्यावर आला आणि त्यांनी हात वर केला.

"थांब रे."

मी थांबवलं.

"माझ्या बांगड्या कुठे गेल्या?"

सरदारजी खूश झाले. "निकाल दी जी! इस लड़के ने ऐसी निकाली कि निशान भी नहीं."

"का पण?" बाई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या. "अरे, पाळणा आहे ना तो? बाई पाळणा हलवतेय, तर तिच्या हातात बांगड्या नकोत? पोर काय गाण्याने झोपतं होय? ते किणकिण ऐकत झोपतं. आई आहे जवळ, हे त्याला त्याच्यावरून कळतं. तुझी आई काय रिकाम्या हाताने झोका द्यायची?"

सरदारजींना शब्द कळले नव्हते; ते माझ्या तोंडाकडे बघत होते, काय बिघडलं म्हणून. मी त्यांना विचारलं नाही. टेप मागे घेतली. सगळ्यात वरच्या ओळीतलं दुसरं बटण, जे खाली खेचून ठेवलं होतं, ते हळूहळू वर आणलं. बांगड्या आल्या. पार मधोमध आणल्यावर त्या पुढे यायला लागल्या, शब्दांच्या अंगावर. मग किंचित मागे घेतल्या. पाळण्यापलीकडच्या हाताएवढ्या. तिथे थांबलो. आणि पहिल्यांदाच, कुणी होय म्हणायच्या आधी, हात बटणावरून काढून मांडीवर ठेवला.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. उठताना म्हणाल्या, "स्वयंपाक करताना मी गाते ना, घरातल्यांना असंच ऐकू येत असेल. मला काही आजवर माहीत नव्हतं." आणि सरदारजींना हिंदीत, "हो गया. बहुत अच्छा. अब पंखा तो चलाइए!"

त्या गेल्यावर सरदारजींनी खसवाल्याला निरोप पाठवला. मला एवढंच म्हणाले, "छत वाले कमरे में पानी नीचे से ले जाना पड़ेगा. और सर्दी में बहुत ठंड होती है, बाद में मत रोना."

आक्काला सांगितलं तेव्हा ती आधी रागावली, मग रडली, मग डाळ कशी शिजवायची ते बोटांवर मोजून सांगायला लागली. दाजी म्हणाले, "राहू दे. तिथं त्याला कोण विचारत नाही कितवी झाली ते."

ते निघाले त्या सकाळी ट्रक आधी शहरातून गेला, मला सोडण्यासाठी. माझी एक पत्र्याची पेटी आणि वळकटी सरदारजींच्या फाटकाशी उतरवली. आक्का मागे सामानावर बसली होती, भाची तिच्या मांडीत. ट्रक हलला, आक्काने हात वर केला आणि काहीतरी ओरडली.

रस्ता सरळ होता, वळण नव्हतं, त्यामुळे मला खूप वेळ सगळं दिसत राहिलं आणि ऐकू येत राहिलं. आधी तिच्या बोलण्यातले स आणि च गेले. मग शब्द गेले, नुसता सूर उरला. मग भांड्यांचा खडखडाट गेला. मग सूरही गेला, आणि अगदी खालचं, जमिनीतून येणारं इंजिनाचं हूं-हूं तेवढं झाडांच्या दोन रांगांमधे बराच वेळ तरंगत राहिलं. माझं बोट आणि अंगठा हवेत काहीतरी फिरवत होते. तिथे बटण नव्हतं.

ते हूं-हूंसुद्धा संपल्यावर मी पेटी उचलली, वळकटी खांद्यावर टाकली आणि जिना चढायला लागलो. वरून सरदारजी विचारत होते, आज कीर्तनवाले लवकर येणार आहेत, तर माइक कुठे लावायचे.